नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं तरी गेम अडकतो: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, तक्रार एकच असते. घरच्यांना पटवून, पैसे जमवून कार्ड घेतलं, कॅबिनेटमध्ये बसवलं आणि गेम होता तसाच चालतो, कधी आधीपेक्षाही वाईट. मग दोनच गोष्टी मनात येतात: कार्ड डुप्लिकेट निघालं, नाहीतर आता प्रोसेसरही बदलावा लागणार. दोन्ही कधीकधी खरं असतं. पण त्याआधी तपासायच्या बऱ्याच गोष्टींना एक पैसा लागत नाही. खालचे प्रश्न साधारण त्याच हिशेबाने लावले आहेत, आधी बिनखर्चाचे आणि मग खर्चाचे. मोजल्याशिवाय पुढचा रुपया घालू नका, एवढा आग्रह मात्र आहे.

नवं कार्ड टाकं तरी गेम अटकस. आते काय करानं?

कॅबिनेटच्या मागे जा आणि मॉनिटरची वायर कुठे लागली आहे ते बघा. यूएसबी आणि लॅनच्या पोर्टांजवळ जो एचडीएमआय पोर्ट असतो तो मदरबोर्डचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सचा. कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. वायर वरच राहिली तर चित्र दिसतं, विंडोज चालतं, काही बिघडलंय असं वाटतही नाही. पण गेम एकतर त्या छोट्या ग्राफिक्सवर चालतो, नाहीतर कार्डावर तयार झालेलं चित्र फिरून मदरबोर्डमधून बाहेर येतं आणि त्या फेऱ्यात एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) जातो. आधी कार्डच नसलेल्या पीसीत पहिल्यांदा कार्ड बसवलं असेल, तर सगळ्यात आधी संशय इथेच घ्या.

माझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे आणि कार्डावर व्हीजीए पोर्टच नाही. म्हणून वायर मदरबोर्डला लावली. चालेल ना?

नाही चालणार. कार्डाचे पैसे त्यात वाया जातात. आजच्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढंच असतं. एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा कन्व्हर्टर मिळतो, तो कार्डाला लावा. मात्र तो सिग्नल बदलणारा खरा कन्व्हर्टर हवा. दोन टोकांना दोन वेगळ्या पिना असलेली नुसती वायर घेतलीत तर स्क्रीन काळीच राहील. पुढे पैसे आले की आधी मॉनिटर बदला. चांगल्या कार्डासमोर व्हीजीए मॉनिटर ठेवला तर कार्डाचा बराचसा दम दिसतच नाही.

"मोजा" म्हणता, पण मोजायचं काय आणि कशाने?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी ते चालतं. एमएसआयच्या किंवा गुरू थ्रीडीच्या साइटवरूनच डाउनलोड करा, कारण या नावाच्या खोट्या साइटही असतात. त्याच्यासोबत स्क्रीनवर आकडे दाखवणारं रिवाट्यूनर येतं, तेही बसवा. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दिसले पाहिजेत: कार्डाचा वापर, कार्डाचं तापमान, कार्डाचा क्लॉक (चालण्याचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (काम करणाऱ्या भागाचा) वापर, रॅम, एफपीएस आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ). प्रोसेसरचा एकूण वापर बघून फसू नका. सहा कोअरच्या प्रोसेसरमध्ये एकच कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा ३०-४० टक्केच दिसतो, आणि गेम त्या एका कोअरपाशीच अडलेला असतो.

आता गेममधली एकच जागा, एकच मिशन निवडा आणि निदान पंधरा-वीस मिनिटं खेळा. पहिल्या दोन मिनिटांचे आकडे आणि शेवटच्या दोन मिनिटांचे आकडे कागदावर लिहा. उष्णतेचा दोष असेल तर तो उशिरा दिसतो, म्हणून घाई नको.

कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने चालू आहे. तरी एफपीएस कमी वाटत असेल तर सेटिंग त्या कार्डासाठी जास्त आहे, एवढाच अर्थ. वापर ५०-६० टक्के आणि प्रोसेसरचा एखादा कोअर सतत भरलेला, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघतंय. कार्डही रिकामं आणि प्रोसेसरही रिकामा, तर कुठेतरी एफपीएसला मर्यादा लागली आहे. सुरुवातीला सगळं चांगलं, पण दहा मिनिटांनी क्लॉक खाली येतो, तर उष्णता किंवा वीज. पुढचं सगळं या चार चित्रांवरच उभं आहे. आपलं चित्र कोणतं ते ठरवा आणि तोच प्रश्न वाचा.

कार्डाचा वापर ५५ टक्क्यांवर जातच नाही. दुकानदाराने खराब कार्ड दिलं का?

बहुधा नाही. प्रत्येक फ्रेममध्ये कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, काय काढायचं, हे आधी प्रोसेसर ठरवतो आणि मग काम कार्डाकडे देतो. प्रोसेसर सेकंदाला सत्तरच फ्रेमची तयारी करू शकत असेल तर कार्ड कितीही मोठं घ्या, सत्तरच मिळणार. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या गेममध्ये १०८० पिक्सेलवर, कमी सेटिंगला हे फार ठळक दिसतं. त्यांच्यात कार्ड बदलून फरक थोडा आणि प्रोसेसर बदलून मोठा पडतो.

खात्री करायची सोपी पद्धत अशी: गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस तेवढाच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा. भरपूर वाढला तर कार्डाचा.

प्रोसेसर अडत असेल तर सेटिंग कमी करून काही हाती लागत नाही, आणि इथेच बहुतेक जण उलटं वागतात. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारकावा) आणि रिझोल्यूशन बिनधास्त वाढवा. कार्ड रिकामंच बसलंय, एफपीएस फारसा न घटता चित्र सुंदर होईल. कमी करायचं ते गर्दीचं प्रमाण, वाहनांची संख्या, दूरवरचं दृश्य आणि फिजिक्स, कारण हे प्रोसेसरचं काम आहे. मग प्रोसेसर सतत टिकवू शकेल अशा आकड्यावर एफपीएस बांधून ठेवा. ६० वर स्थिर चालणारा गेम, ९० ते ४५ हेलकावणाऱ्या गेमपेक्षा हाताला कितीतरी चांगला लागतो.

आणि प्रोसेसर बदलायचाच असेल तर पूर्ण पीसी विकू नका. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बी४५० बोर्ड आणि जुना रायझन प्रोसेसर असेल तर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर रायझन ५ ५६०० बसतो. इंटेलमध्ये बहुधा बोर्डही बदलावा लागतो, पण बाराव्या पिढीच्या आय५-१२४००एफसाठी डीडीआर४ रॅम घेणारे एच६१० बोर्ड मिळतात, म्हणजे रॅम तरी वाचते.

मी पालक आहे. मुलाने कार्ड घेतलं, आता म्हणतो प्रोसेसरही लागेल. खरं बोलतोय का?

खरं असू शकतं, आणि तो तुम्हाला फसवतोय असं धरून चालू नका. पण त्याला वरची चाचणी तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. कार्डाचा वापर किती, प्रोसेसरचा सगळ्यात भरलेला कोअर किती, आणि रिझोल्यूशन कमी केल्यावर एफपीएस वाढतो का, हे तीन आकडे बघा. कार्ड अर्ध्यावर, कोअर पूर्ण भरलेला आणि एफपीएस हलत नाही, असं दिसलं तर मागणी रास्त आहे. आकडे वेगळं सांगत असतील तर खालचे बिनखर्चाचे उपाय आधी होऊ द्या. कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती येईपर्यंत थांबलं तरी काही बिघडत नाही. प्रोसेसर अडतो म्हणून कार्ड खराब होत नाही, ते फक्त पूर्ण वापरलं जात नाही.

ऑफिसमधून निघालेला जुना पीसी स्वस्तात घेतला आणि त्यात कार्ड टाकलं. काय अडचण येईल?

दोन अडचणी नेहमीच्या. चौथ्या पिढीचे आय५-४५७० सारखे प्रोसेसर २०१३ सालचे आहेत, चार कोअर आणि चारच थ्रेड. नव्या गेममध्ये ते लगेच भरतात. शिवाय एच८१ चिपसेटचा बोर्ड असेल तर कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा, म्हणजे जुन्या, हळू पिढीचा असतो. दुसरी अडचण एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याची. अशा ब्रँडेड छोट्या कॅबिनेटमध्ये कंपनीचा स्वतःचा, वेगळ्या आकाराचा आणि कमी वॉटचा सप्लाय असतो, त्यात कार्डाला द्यायची वायरच नसते. या पीसीसाठी वेगळी वीज न लागणारं कार्ड घ्या. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॉटचा आहे आणि स्लॉटमधूनच चालतो. त्यापेक्षा मोठं कार्ड अशा पीसीत घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हर नवाच टाकलाय, मग जुन्याचा काय त्रास?

एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं लावलं, किंवा उलट केलं, की जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहतात आणि गोंधळ घालतात. नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा. मग इंटरनेट बंद करा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं. पीसी सेफ मोडमध्ये सुरू करून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवा, रीस्टार्ट करा आणि नवा ड्रायव्हर बसवा. लोक या अनइन्स्टॉलरला डीडीयू म्हणतात. विंडोज पुन्हा टाकायची गरज शक्यतो पडत नाही. जळगावला किंवा धुळ्याला पीसी घेऊन गेलात आणि दुकानात पहिलाच उपाय "विंडोज मारू" असा सांगितला, तर आधी डीडीयू झालं का ते विचारा.

नव्या ड्रायव्हरनंतर पहिल्या एक-दोन खेळांत झटके बसतील. गेम शेडर (चित्र रंगवायच्या सूचना) नव्याने तयार करत असतो. ते काम होऊ द्या, मगच मत बनवा.

१६ जीबी रॅम आहे. रॅमचा दोष असूच शकत नाही ना?

असू शकतो. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर ती सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेने चालते आणि प्रोसेसरला मिळणारा वेग अर्ध्यावर येतो. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या बऱ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. शेजारी-शेजारी लावलेल्या पट्ट्या हा असेंबल करताना घाईत राहून गेलेला दोष असतो आणि तो वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं म्हणजे वेग. पट्टीवर ३२०० लिहिलेलं असलं तरी बायोसमध्ये एक्सएमपी (पट्टीचा पूर्ण वेग लावणारी सोय) चालू केल्याशिवाय ती अनेकदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर हा आकडा दिसतो. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर याच सोयीला एक्सपो म्हणतात. मात्र एच४१० बोर्ड आणि दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५ असेल तर २६६६ हीच मर्यादा आहे, तिथे उगाच डोकं घालवू नका.

८ जीबी रॅम असेल तर उत्तर सोपं आहे: ती १६ करा. या सगळ्या पानात एवढ्या कमी पैशात एवढा फरक देणारी दुसरी खरेदी नाही.

कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये लावायचं?

प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी आत बहुधा चारच लेन (डेटाच्या वाटा) असतात, त्याही चिपसेटमधून येणाऱ्या.

काही कार्डांना मुळातच कमी लेन असतात. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० यांना आठ, तर आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चार. नव्या बोर्डावर हे जाणवत नाही. पण बी४५० सारख्या पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर ६५०० एक्सटीच्या लेनचा वेग निम्मा होतो, आणि त्याची ४ जीबी व्हीरॅम भरली की गेम अक्षरशः अडखळतो. जुन्या बोर्डाच्या पीसीत हे कार्ड घेऊ नका. ३२००जी आणि ३४००जी या रायझनवर कार्डाला आठच लेन मिळतात, हेही माहीत असू द्या.

जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसच्या रकान्यात आपलं कार्ड किती लेनवर आहे ते दिसतं. कार्ड निवांत असताना तिथे पीसीआय एक्सप्रेस १.१ दिसलं तर घाबरू नका, वीज वाचवण्यासाठी ते खाली येतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालू करा आणि मग वाचा.

रिसायझेबल बार चालू करू का?

यात प्रोसेसरला कार्डाची पूर्ण व्हीरॅम एकदम वापरता येते. इंटेल आर्क कार्ड असेल तर करायलाच हवं, त्याशिवाय ते कार्ड फार मागे पडतं. म्हणूनच दहाव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असेल तर आर्क घेऊ नये. एनव्हिडिया आणि एएमडीला याचा फायदा गेमनुसार कमी-जास्त होतो.

सावधगिरी एक: यासाठी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद करावं लागतं, आणि तुमची विंडोज जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर असेल तर पीसी सुरूच होणार नाही. आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची आहे का ते बघा. नसेल तर विंडोजमधल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने बदला, तेही महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवून. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या.

माझा एसएमपीएस ४५० वॉटचा आहे. पुरतो का?

कोणता ४५० वॉटचा, यावर आहे. कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर बाजूचं लेबल वाचा. तिथे १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॉट झाले. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही याच १२ व्होल्टवर जगतात, मग वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असो की ५००. आरटीएक्स ४०६० चं कार्ड ११५ वॉटचं, आरएक्स ६६०० चं १३२, आरटीएक्स ३०६० चं १७०. त्यात प्रोसेसरचे शंभर-सव्वाशे मिळवा आणि थोडी मोकळीक ठेवा. एनव्हिडिया ४०६० साठी ५५० वॉट सुचवते ते याचसाठी.

मोलेक्समधून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या वायरमधून) सहा पिन काढणारा जोड वापरू नका. सहा पिनमधून ७५ वॉट आणि आठ पिनमधून १५० वॉट जाऊ शकतात. तो भार जुन्या, सैल मोलेक्सवर टाकला तर पिना वितळतात. कार्डाला दोन सॉकेट असतील तर एकाच वायरच्या दोन शेपट्या लावण्याऐवजी एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायर आणा.

वीज कमी पडल्याची खूण म्हणजे गेम जड झाला की स्क्रीन काळी होणं किंवा पीसी अचानक रीस्टार्ट होणं. नुसता एफपीएस कमी असणं ही सहसा वेगळ्या दोषाची खूण असते.

आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतो. एफपीएस त्यामुळे कमी होतो का?

नाही. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि आत १२ व्होल्टच देतो. व्होल्टेज फार पडला तर पीसी बंद होईल, हळू चालणार नाही. साध्या, स्वस्त एसएमपीएसला मात्र ही सहनशक्ती नसते.

यूपीएसकडे लक्ष द्या. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. जुन्या पीसीला तो पुरत होता. नव्या कार्डासह मॉनिटर धरून भार त्याच्या जवळ जातो, आणि गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस ओरडून पीसीसकट बंद पडतो. मोठा यूपीएस घ्या, नाहीतर लाइट गेल्यावर गेम लगेच बंद करायची सवय ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर गेम खेळू नये. बॅटरी झपाट्याने उतरते, आणि उन्हाळ्याच्या रात्री पंखा त्याच बॅटरीवर असतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी घरची अर्थिंग तपासून घ्या. हा प्रश्न गेमचा नाही, जिवाचा आहे.

डिसेंबरमध्ये पीसी मस्त चालत होता, एप्रिल-मेमध्ये तोच गेम अडकतो. असं का?

कारण कार्ड खोलीतल्याच हवेने गार होतं. थंडीत २० अंशांच्या खोलीत तुमचं कार्ड ६२ अंशांवर स्थिरावत असेल, तर खोली ४० अंशांवर गेल्यावर, पंखे त्याच वेगाने फिरत असतील तर, तेच कार्ड ८२ च्या आसपास जाईल. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली दुपारी बाहेरच्यापेक्षाही तापते. एनव्हिडियाची बरीच कार्डं साधारण ८३ अंशांच्या पुढे स्वतःचा क्लॉक कमी करून घेतात. एएमडी हॉटस्पॉटचं (चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) तापमान दाखवतं आणि ते ११० पर्यंत चालतं, म्हणून तो आकडा बघून घाबरू नका. प्रोसेसरही तापतो, आणि त्याचा कंपनीचा छोटा कूलर आधी हार मानतो, हे लोक विसरतात. पुण्याहून पीसी एसटीने किंवा टेम्पोने घरी आणला असेल तर इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या नीट बसलेल्या आहेत का, कार्ड स्लॉटमधून उचललं गेलंय का, हे बघाच.

पहिली चाचणी: कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तोच गेम पंधरा मिनिटं खेळा. कार्डाचं तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. पुढे पूर्ण काच असलेली, छान दिसणारी कॅबिनेटं आपल्या हवामानाला योग्य नाहीत. पुढे जाळी हवी, पुढून आत येणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक.

दुसरं, आणि बिनखर्चाचं: आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाच्या विजेची मर्यादा) ८० ते ८५ टक्क्यांवर आणा. उष्णता चांगली कमी होते आणि एफपीएस थोडासाच उतरतो. ज्यांना जमतं त्यांनी व्होल्टेजचा आलेख खाली आणून अंडरव्होल्ट करावं, त्यात एफपीएसही टिकतो. शिवाय एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झएवढा (मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तेवढा) बांधून ठेवा. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर १६० फ्रेम काढून फक्त खोली तापते. उन्हाळ्यापुरतं एक प्रोफाइल आणि थंडीचं वेगळं, असं करून ठेवलं की दरवर्षी डोकं लावावं लागत नाही.

कूलरचा प्रश्न नेहमी येतो. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे पाण्याचा कूलर खोली खरंच थंड करतो आणि पीसीलाही त्याचा फायदा होतो. पण समोरची खिडकी उघडी ठेवा, आणि कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, कारण त्यात तुषार असतात. पावसाळ्यात कूलर फक्त दमटपणा वाढवतो, तेव्हा तो बंदच बरा.

धूळ किती दिवसांनी काढायची?

रस्त्यालगत घर असेल, किंवा जिनिंगजवळ राहत असाल तर तापमान सांगेल तेव्हा. कापसाची तंतूंची धूळ नुसत्या मातीपेक्षा वाईट, ती कूलरच्या पातळ पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी बसते. पीसी बंद करून, वायर काढून, अंगणात ब्लोअरने साफ करा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने ते भन्नाट फिरू देऊ नका. प्रोसेसरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर तीही त्याच वेळी बदला. नव्या कार्डाची पेस्ट मात्र उघडायला जाऊ नका, वॉरंटीचा वाद होतो.

एफपीएस बरोबर ६० वर अडकलाय.

विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ बघा. कार्ड बदललं की १४४ हर्ट्झचा मॉनिटर अनेकदा ६० वर येऊन बसतो. मग गेममधला व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झला बांधणारी सोय) आणि ड्रायव्हरमधली फ्रेमची मर्यादा तपासा. जुनी एचडीएमआय वायर काढून डिस्प्लेपोर्ट लावा.

सरासरी एफपीएस चांगला, पण मध्येच झटके बसतात.

सरासरीत झटका लपतो, फ्रेमटाइमची रेघ बघा. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. रेघेत उंच सुया दिसल्या की झटके. त्या वेळी व्हीरॅम काठोकाठ भरलेली असेल तर टेक्श्चर एक पायरी खाली आणा. ८ जीबी कार्डावर नव्या गेममध्ये "अल्ट्रा" टेक्श्चरचा हट्ट नको. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. मोकळ्या जगाचे गेम, जिथे गाडी पळवताना शहर मागोमाग लोड होत राहतं, त्यांना हार्ड डिस्क पुरत नाही. आणि मागे चालू असलेलं रेकॉर्डिंग, ब्राउझरचे वीस टॅब, हे बंद करा.

ऑनलाइन खेळताना शत्रू उड्या मारत दिसतो. हेही कार्डामुळे?

नाही, ते इंटरनेट. एफपीएस स्थिर आणि पिंग वरखाली असेल तर कार्डाला दोष देऊ नका. वायफायऐवजी राउटरपासून लॅनची वायर ओढा. मोबाइल हॉटस्पॉटवर संध्याकाळी हे होणारच.

डीएलएसएस किंवा एफएसआर चालू केलं तरी एफपीएस वाढत नाही.

मग प्रोसेसर अडतोय. ही तंत्रं गेम कमी रिझोल्यूशनवर काढून चित्र मोठं करतात, म्हणजे कार्डाचं ओझं कमी करतात, प्रोसेसरचं नाही. फ्रेम जनरेशनने (मधल्या फ्रेम कार्डानेच तयार करून भरण्याने) आकडा वाढेल, पण माउसचा प्रतिसाद वाढणार नाही, म्हणून नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये ते वापरू नये.

सेकंड हँड कार्ड घेतलंय. अस्सल आहे हे कसं कळेल?

जीपीयू-झेड उघडा. जुन्या चिपवर नवं नाव चिकटवलेली जी कार्डं ते ओळखतं, त्यांच्या नावापुढे तसं लिहून येतं. आरएक्स ५८० मध्ये शेडरची (इथे चिपमधल्या काम करणाऱ्या छोट्या भागांची) संख्या २३०४ पाहिजे. २०४८ दिसली तर ते कार्ड आरएक्स ५७० च्या ताकदीचं आहे. हा प्रकार एएमडीनेच काढला आहे, म्हणजे बनावट नाही, पण पैसे मात्र त्या हिशेबाने द्यायला हवेत. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीच्या प्रकारात व्हीरॅमची वाट १९२ बिटची आणि ८ जीबीच्या प्रकारात १२८ बिटची, म्हणजे अरुंद. जीटी १०३० मध्ये डीडीआर४ चा प्रकार अगदीच मंद. नाव एकच असलं तरी माल एक नसतो, म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्याच पीसीवर जीपीयू-झेड आणि पंधरा मिनिटं गेम चालवून बघा. "घरी जाऊन लावून बघ भाऊ" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

सगळं करून झालं. कार्ड परत कधी न्यायचं?

कार्ड दुसऱ्या, चांगल्या एसएमपीएसच्या पीसीत लावून बघा. मित्राचा पीसी चालेल. तिथेही तेच झालं, चित्रात ठिपके किंवा चौकोन उमटले, गेम तेच कार्ड लावल्यावरच बंद पडत असेल, किंवा एखादा पंखा फिरतच नसेल, तर दोष कार्डाचा. मग बिल, खोका, कार्डावरच्या सीरियल नंबरचा फोटो आणि आकडे दिसतील असा छोटा व्हिडिओ घेऊन जा. जीएसटीचं पक्कं बिल नसेल तर वॉरंटीला अडचण येते, म्हणून खरेदीच्या वेळी थोडे पैसे वाचवायला कच्च्या पावतीवर कार्ड घेऊ नका. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार तिथे नोंदवता येते. दुसऱ्या पीसीत कार्ड नीट चाललं तर मात्र ते परत न्यायची गरज नाही. मोजण्याच्या प्रश्नाकडे परत या आणि आपल्या पीसीचे आकडे पुन्हा लिहून काढा.